संगणकाच्या चुका व कंपायलरचें दप्तर



आपल्या जालना जिल्ह्यांत कापूस पिकतो. बोंडांत अळी शिरली म्हणजे ती बाहेरून दिसत नाहीं. बोंड उकलावें तेव्हां कळतें. संगणकाच्या आज्ञावलींतील चुकीचेंही तसेंच आहे. अशा चुकीस इंग्रजींत ‘बग’, म्हणजे किडा, असें म्हणतात व ती शोधण्याच्या साधनास ‘डीबगर’ हें नांव आहे. हें साधन कशाच्या आधारें काम करितें, तें आज पाहूं.

समजा, एका विद्यार्थ्यानें सी भाषेंत टक्केवारी काढण्याची आज्ञावली लिहिली. गुण ५०० पैकीं ४३१, उत्तर ८६.२ यावें, पण पडद्यावर ० उमटलें. त्यानें डीबगर लावून एकेक ओळ चालवून पाहिली. ‘एकूण’ची किंमत ४३१ बरोबर होती, परंतु ‘एकूण’ला ५०० नें भागून आलेला ‘भाग’ मात्र ० निघाला. सी भाषेंत दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येतो, अपूर्णांक गळून पडतो. मग शून्यास १०० नें गुणिलें तरी शून्यच! दोष सांपडला.

परंतु येथें एक प्रश्न उभा राहतो. यंत्र चालवितें तें मूळ लेखन नव्हे. कंपायलरनें केलेलें त्याचें यंत्रभाषेंतील भाषांतर होय. त्या भाषांतरांत ‘एकूण’ हें नांव नसतें, ओळींचे क्रमांकही नसतात. असतात ते केवळ आज्ञांचे आकडे व स्मृतींतील जागांचे पत्ते. मग हीं नांवें डीबगरला कोणीं सांगितलीं?

याचें उत्तर आपल्या गांवींच आहे. शेतांत उभें राहिल्यास नुसती जमीन दिसते. गट क्रमांक किंवा मालकाचें नांव मातीवर लिहिलेलें नसतें. तें सातबाऱ्यावर असतें. कंपायलरही, मागितल्यास, असें एक दप्तर लिहून ठेवितो. जीसीसी नामक कंपायलरला त्यासाठीं ‘जी’ या अक्षराचा संकेत द्यावा लागतो.

या दप्तरांत मुख्यतः तीन गोष्टी असतात. पहिली, यंत्रभाषेंतील कोणती आज्ञा मूळ लेखनाच्या कोणत्या ओळींतून निघाली. दुसरी, कोणतें नांव कोठें ठेविलें आहे, स्मृतींत कीं प्रक्रियकाच्या रजिस्टरमध्यें, आणि तें तेथें कोणत्या आज्ञेपासून कोणत्या आज्ञेपर्यंत असतें. तिसरी, त्याची जात. कारण तेच बिट पूर्णांक म्हणून वाचले तर एक किंमत येते व अपूर्णांक म्हणून वाचले तर भलतीच. अशा नोंदी लिहिण्याच्या एका प्रचलित पद्धतीस ‘ड्वार्फ’ म्हणतात. तिची पांचवी आवृत्ति २०१७ सालीं निघाली. आज्ञावली चालण्यास या दप्तराची गरज नसते. म्हणून लोकांच्या हातीं जाणाऱ्या प्रतींतून तें पुष्कळदां काढून टाकितात. अशा प्रतीवर डीबगर चालतो खरा, पण पत्ते व आकडे यांपलीकडे फारसें कांहीं सांगूं शकत नाहीं.

खरी अडचण पुढेंच आहे. काम वेगानें व्हावें म्हणून कंपायलर आज्ञांचा क्रम बदलतो, निरुपयोगी गणित गाळतो, एकाच रजिस्टरमध्यें पाळीपाळीनें निरनिराळीं मूल्यें ठेवितो. दोघां भावांनीं जमिनीची अदलाबदल करावी आणि फेरफाराची नोंद अपुरी राहावी, तशी ही स्थिति होय. डीबगर किंमत दाखवील. पण मूळ लेखनाप्रमाणें त्या ओळीवर जी असावयास हवी तीच ती असेल, असा भरंवसा उरत नाहीं.

या प्रश्नावर आपल्या महाराष्ट्रांतही काम झालें आहे. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील प्रा. धनंजय ढमढेरे यांनीं के. व्ही. शंकरनारायणन् यांच्यासह १९९८ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. आज्ञावली चालतांना प्रत्यक्ष कोणत्या वाटेनें आली तें ध्यानांत घेऊन, दाखविली जाणारी किंमत खरी मानावी कीं नाहीं हें ठरविण्याची रीति त्यांत मांडली आहे. १९८६ सालीं रिचर्ड स्टॉलमन यांनीं लिहिलेला जीडीबी हा डीबगर, दप्तरांत एखाद्या किंमतीचा ठावठिकाणा नसेल तर, ती गाळली गेल्याचें स्पष्ट सांगतो. अंदाजानें आकडा देत नाहीं.

हा विषय केवळ यंत्रज्ञांचा नाहीं. मुलांच्या गुणपत्रिका, रेल्वेचें आरक्षण, शेतकऱ्याच्या खात्यांत जमा होणारें अनुदान, हीं सर्व कामें आज आज्ञावलींच्या हातीं आहेत. दोष शोधणाऱ्यास खोटी नोंद मिळाली तर तो निर्दोष ओळ बिघडवील व खरी चूक तशीच राहील. आणि तिचा भार दुसऱ्याच कोणाला सोसावा लागेल. गणिताच्या वहींत शिक्षक नुसतें उत्तर न पाहतां पायऱ्या मागतात, त्याचेंही कारण हेंच. चूक कोणाचीही होते. पण मागचा माग राखला असेल तरच ती सुधारतां येते.

तेव्हां मित्रहो, संगणकाच्या तासास वरील टक्केवारीची आज्ञावली, वेग वाढविण्याचा संकेत न देतां, एकदां दप्तरासह व एकदां दप्तराशिवाय तयार करा आणि दोहोंस डीबगर लावून पाहा. एकींत ‘एकूण’ हें नांव दिसेल, दुसरींत दिसणार नाहीं. घरीं वडीलधाऱ्यांस तो फरक समजावून सांगतां आला, तर हा पाठ तुम्हांस कळला असें समजावें.