पहिला डाव लगेच मांडता यावा

चि. सोनूस,


तुझ्या रोल-प्लेइंग खेळाची फुकट वाटायची पुस्तिका वाचली. कल्पना सुंदर आहे, पण चाळीस पानांतली निम्मी तू खेळातल्या जगाचा इतिहास सांगण्यात घालवलीस. हे पुस्तिकेचं काम नव्हे.

खेळायला पाच जण बसतात, पण पुस्तिका वाचून आलेला असतो एकटा गेम मास्टर, म्हणजे गोष्ट सांगत डाव चालवणारा. तोही बहुधा नवखाच. मित्रांपुढे फजिती होईल, या धास्तीनं तो पानं उलटतो. तुझा खरा वाचक तो. त्याला धीर येईल असं लिही.

'कॉल ऑफ क्थुलू' हा १९८१ सालचा खेळ. त्याची मूळ नियमावली जाडजूड आहे, फुकटची 'क्विक-स्टार्ट' पुस्तिका मात्र आटोपशीर. कौशल्य ६० टक्के असेल, तर शंभरापर्यंतचे आकडे देणारे फासे टाकायचे. ६० किंवा कमी आलं की जमलं. सोबत एक पुरी गोष्ट: बॉस्टनमधल्या एका झपाटलेल्या घराचा छडा लावायचा. भिडूंनी आधी जुनी वर्तमानपत्रं चाळली काय किंवा थेट घरात शिरले काय, डाव अडत नाही. तुझ्या गोष्टीत असा मोकळेपणा हवा.

जॉन हार्परचा 'लेझर्स अँड फीलिंग्ज' (२०१३) तर एका पानात मावतो. भिडूनं २ ते ५ मधला एक आकडा निवडायचा. शास्त्राचं काम असेल तर फाशावर त्याहून कमी पडायला हवं, भावनेचं असेल तर जास्त. सापशिडीच्या डब्यातले फासेही त्याला चालतात. तुझ्या खेळाला वीस बाजूंचा फासा लागतो. तो विकत आणावा लागला, तर पुस्तिका फुकट देऊन काय उपयोग?

पात्रंही तयार दे. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या स्टार्टर सेटमध्ये अशी पाच होती. तो संच विकतचा, पण धडा घेण्याजोगा. आणि फुकट म्हणून गोष्ट अर्धी तोडू नकोस. शेवटापर्यंत खेळलेला छोटा डावच माणसाला पुढच्या डावाकडे ओढतो.

आता एक कर. हा खेळ कधीच न खेळलेल्या चौघांना पुस्तिका दे आणि कोपऱ्यात गप्प बस. ते अडतील तिथे पानावर खूण कर, पण मदतीला जाऊ नकोस. पुस्तिका परक्या घरी उघडली जाईल, तेव्हा सांगायला तू तिथे नसशील.

तुझा,
मामा