नऊ आणि दहामधलं अंतर किती डॉलरचं?

अमेरिकेतल्या फ्लीअर कंपनीनं १९८६ साली बास्केटबॉलच्या १३२ कार्डांचा संच काढला. त्यातलं ५७ क्रमांकाचं कार्ड मायकल जॉर्डनचं. हे कार्ड दुर्मीळ मुळीच नाही, बाजारात हजारोंनी फिरतं. तरीही जानेवारी २०२१ मध्ये त्याच्या दोन प्रती प्रत्येकी ७,३८,००० डॉलरला गेल्या. दोन्हींवर कार्डाच्या अवस्थेला गुण देणाऱ्या पीएसए या ग्रेडिंग कंपनीचा दहापैकी १० चा शिक्का होता. पुढे तो भाव बराच उतरला, पण ग्रेडांमधली दरी मिटली नाही. तेच कार्ड ९ ग्रेडचं असलं की किंमत ढोबळमानानं दहाव्या हिश्शावर येते, आणि ८ ची आणखी खाली. खेळाडू तोच, फोटो तोच, वर्षही तेच. फरक असतो तो अर्ध्या मिलिमीटरचा, किंवा भिंगाशिवाय न दिसणाऱ्या पांढऱ्या ठिपक्याचा.

न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणाऱ्या, मुलाच्या खोलीत कार्डांचे खोके साठत चाललेल्या मराठी आईबापांना आणि ईबेवरून कार्ड मागवणाऱ्या भारतातल्या हौशी मंडळींना एकच हिशेब कळायला हवा: या अर्ध्या मिलिमीटरसाठी किती पैसे मोजायचे?

ग्रेड देणारा माणूस चार गोष्टी बघतो: सेंटरिंग, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग. बेकेट ही कंपनी या चारांचे गुण लेबलवर वेगवेगळे छापते. पीएसए सहसा एकच आकडा देते. चारांपैकी सगळ्यात जास्त कार्डं सेंटरिंगवर मार खातात, आणि त्यात सांभाळणाऱ्याचा काहीच दोष नसतो. कारखान्यात कागदाचा मोठा ताव कापताना पातं जरा सरकलं की चित्र एका बाजूला जातं. तुम्ही पाकीट फोडून कार्ड तसंच प्लास्टिकमध्ये घातलंत, तरी ते ७ चंच राहणार.

हे घरी मोजता येतं. कार्डाच्या डाव्या-उजव्या पांढऱ्या पट्ट्या मोजा. डावी ३ मिलिमीटर आणि उजवी २ असेल, तर ते ६०-४०. डावी २.७५ आणि उजवी २.२५, तर ५५-४५. पीएसए १० साठी पुढची बाजू ५५-४५ च्या आत लागते. पूर्वी ६०-४० पर्यंत चालून जायचं, अलीकडे नियम आवळलाय. मागच्या बाजूला ७५-२५ पर्यंत सूट आहे. वर-खालीही असंच मोजायचं, कारण बरेच जण फक्त डावं-उजवं बघून खूश होतात. यासाठी पारदर्शक मोजपट्टी पुरते. खास सेंटरिंगची पट्टी काही डॉलरला मिळते, पण ती नसली तरी अडत नाही.

कोपऱ्यांसाठी मात्र दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्याच. टेबलावर काळा कागद, त्यावर कार्ड, बाजूनं दिव्याचा उजेड. आधी मागची बाजू बघायची, कारण गडद रंगाच्या पाठीवर कोपऱ्याचा पांढरेपणा लगेच उठून दिसतो. जॉर्डनच्या त्या कार्डाला रंगीत चौकट आहे, म्हणून त्याची कड जराशी खरवडली तरी आतला पांढरा कागद डोकावतो. टॉप्स कंपनीच्या १९७१ च्या काळ्या चौकटीच्या कार्डांची तीच गत, त्यामुळे त्या वर्षीची चांगल्या ग्रेडची कार्डं महाग. उलट कॅनडाच्या ओ-पी-ची कंपनीची जुनी हॉकी कार्डं कडेला मुळातच फाटल्यासारखी खडबडीत असतात. ती कापणीची पद्धतच तशी होती आणि जाणकार त्याला खोट मानत नाहीत. त्या कंपनीच्या १९७९ च्या, वेन ग्रेट्झकीच्या पहिल्या कार्डाच्या पीएसए १० प्रती फक्त दोन आहेत. त्यातली एक २०२१ मध्ये ३७.५ लाख डॉलरला विकली गेली.

पृष्ठभाग हा नव्या चकचकीत कार्डांचा शत्रू. क्रोम किंवा प्रिझम प्रकारचं कार्ड दिव्याखाली हळूहळू तिरकं करा. सरळ धरल्यावर निर्दोष वाटलेल्या कार्डावर छपाईची बारीक रेघ, बोटाचा ठसा, टाचणीच्या डोक्याएवढा खळगा असं काहीबाही दिसायला लागतं. ईबेवरचे फोटो बहुतेक सरळच काढलेले असतात. विक्रेत्याकडे तिरक्या उजेडातला छोटा व्हिडिओ मागा. टाळाटाळ झाली तर कार्ड सोडून द्या.

जुन्या कार्डांचा न्याय वेगळा. १९५२ च्या टॉप्स संचातलं बेसबॉलपटू मिकी मँटलचं कार्ड चुरगळलेलं असलं तरी हजारो डॉलरचं आहे, कारण न खपलेला माल कंपनीनं पुढे अटलांटिकमध्ये बुडवला आणि शिल्लक प्रती कमी. त्याचीच ९.५ ग्रेडची प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. तिच्या मालकानं १९९१ मध्ये ती ५० हजारांना घेतली होती. अशा कार्डांत घडी हा सगळ्यात मोठा दोष. घडी पडली की बाकी कितीही सुंदर असो, ग्रेड खालच्या आकड्यांत अडकते. त्यानंतर पेनाच्या खुणा, डाग, वहीत चिकटवल्याचे अवशेष.

इथे संग्राहकांची पसंती आणि लेबलवरचा आकडा यांची नेहमी जुळणी होत नाही. एका ५ ग्रेडच्या कार्डाचं चित्र बरोबर मध्यभागी, रंग ताजे, पण कोपरे गोल झालेले. दुसरं ७ चं, पण चित्र एका कडेला टेकलेलं. मी डोळे झाकून पहिलं घेईन, आणि बाजारातही असं देखणं ५ आपल्या ग्रेडच्या भावापेक्षा वर जातं. नुसता आकडा विकत घेणाऱ्याला पुढे विकताना त्रास होतो. लेबलवर आकड्यापुढे ओसी असं लिहिलेलं असेल तर चित्र मध्याबाहेर आहे, एमके असेल तर पेनाची खूण, एसटी म्हणजे डाग. या अक्षरांमुळे भाव दोन-दोन ग्रेडनी पडतो, म्हणून स्वस्त दिसणाऱ्या ८ वर झडप घालण्याआधी लेबल पूर्ण वाचा.

आता खर्च. पीएसएची साध्या कार्डांसाठीची सेवा एका कार्डाला साधारण २५-३० डॉलरच्या घरात पडते. कार्डाची जाहीर किंमत वाढली की फीही वाढते, वरच्या श्रेणींत ती शेकडो डॉलर होते. दर वर्षाला बदलतात, तेव्हा पाठवण्याआधी ताजा तक्ता बघा. एक कलम लोक वाचत नाहीत: कार्डाला अपेक्षेपेक्षा चांगली ग्रेड मिळून त्याची किंमत त्या श्रेणीच्या मर्यादेबाहेर गेली, तर कंपनी फरकाची रक्कम मागते. याशिवाय जाता-येताचं टपाल, विमा आणि अर्धकडक प्लास्टिकचं पाकीट. सगळं धरून कार्डामागे ४० डॉलर समजा.

समजा, कोरं, म्हणजे ग्रेड न झालेलं, कार्ड ६० डॉलरला घेतलं. म्हणजे हातातून १०० गेले. ते कार्ड ८ ला ६०, ९ ला ११० आणि १० ला ४०० ला विकतं असं धरू. विक्रीवर ईबे साधारण १३ टक्के कापतं. मग १० आलं तर २४८ डॉलर फायदा, ९ आलं तर चार डॉलर तोटा, ८ आलं तर ४८ चा तोटा. दहा कार्डांत तीन दहा, पाच नऊ, दोन आठ आले तर ६२८ डॉलर हातात. एकच दहा, पाच नऊ आणि चार आठ आले तर उरतात जेमतेम ३६, आणि तेही काही महिने थांबून. सारी गंमत त्या दहाच्या संख्येवर आहे, म्हणून भिंगाखाली जे नऊ वाटतं ते पाठवूच नका. आपलं कार्ड आपल्याला अर्धा गुण चांगलंच दिसतं हेही लक्षात असू द्या.

१९८९ चं अपर डेक कंपनीचं, बेसबॉलपटू केन ग्रिफी ज्युनिअरचं कार्ड घ्या. त्या काळात कार्डं बेसुमार छापली गेली. या कार्डाच्या पीएसए १० प्रतीच हजारोंनी आहेत, तरी त्यांना चार आकडी भाव मिळतो. त्याच्या ८ मधून मात्र ग्रेडिंगचा खर्चही कसाबसा निघतो. बाबांच्या जुन्या खोक्यातली त्या काळातली बहुतेक कार्डं याच वर्गातली असतात. ती मुलाला खेळायला द्या.

ग्रेडवर भाव ठरण्याच्या नियमाला अपवाद म्हणजे एकमेव प्रत. ऑगस्ट २०२५ मध्ये जॉर्डन आणि कोबी ब्रायंट या दोघांच्या सह्यांचं, जर्सीवरच्या एनबीए चिन्हाचे तुकडे जडवलेलं अपर डेकचं कार्ड १ कोटी २९ लाख डॉलरला गेलं आणि मँटलचा विक्रम मोडला. त्याची ग्रेड होती ६. जगात दुसरं नाहीच म्हटल्यावर कोपरा कोण बघतो?

दुरुस्त केलेल्या कार्डापासून मात्र चार हात लांब राहा. घासलेली कड पातळ कापून सरळ करणं, पांढऱ्या कोपऱ्यावर मार्कर फिरवणं, घडी दाबून काढणं हे सगळं या धंद्यात फसवणूक मानलं जातं. बेसबॉलपटू होनस वॅगनरचं टी-२०६ हे सिगारेटच्या पाकिटातलं, १९०९ ते १९११ च्या मालिकेतलं कार्ड या छंदातलं सगळ्यात प्रसिद्ध. त्याची पीएसए ८ मिळालेली प्रत म्हणजे पीएसएनं ग्रेड केलेलं पहिलं कार्ड. ती एके काळी खुद्द ग्रेट्झकीच्या मालकीची होती आणि २००७ मध्ये २८ लाख डॉलरला गेली. तिच्या कडा आपणच कापल्या होत्या, अशी कबुली लिलावदार बिल मास्ट्रोनं २०१३ मध्ये न्यायालयात दिली. बाकीच्यांसाठी यातला धडा मोजपट्टीचा. १९५७ पासूनचं नेहमीचं कार्ड अडीच बाय साडेतीन इंचांचं असतं. आपलं कार्ड त्याच संचातल्या दुसऱ्या, स्वस्त कार्डावर ठेवून चारही बाजू पडताळा. कापलेलं आढळलं तर ग्रेडऐवजी नुसता 'बदललेलं' असा शेरा मिळतो आणि फी सहसा गेलेलीच असते.

भारतातून पाठवणाऱ्यांना हा हिशेब आणखी जड जातो. टपाल आणि विमा दुप्पट, शिवाय परत येताना आपल्याच कार्डावर सीमाशुल्क लागू शकतं, म्हणून पाठवतानाचे कागद आणि पावत्या जपा. अनेकांची कार्डं एकत्र पाठवणारे मध्यस्थ आहेत. त्यांच्याकडून हरवल्यास भरपाई किती, हे लेखी घ्या. नव्वदच्या दशकात बबलगमबरोबर मिळालेली क्रिकेटची कार्डं कोणाकडे असतील तर ती खिशात, कंपासपेटीत फिरलेली आहेत. त्यांच्यावर एवढा खर्च करू नये असं माझं मत. ती आठवण म्हणून ठेवा, आणि पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या दमट हवेत वाकू नयेत म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट. रबरबँड लावू नका, मऊ पीव्हीसीचा अल्बमही नको. शंभर पातळ पाकिटं दोन-तीन डॉलरला आणि पंचवीस कडक टॉपलोडर पाच डॉलरच्या आसपास येतात.

स्लॅबमधलं, म्हणजे ग्रेडिंग कंपनीनं कडक प्लास्टिकमध्ये बंद केलेलं, कार्ड घेत असाल तर पैसे देण्याआधी लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाका. कार्डाचं नाव आणि ग्रेड जुळते का बघा, फोटो दिलेला असेल तर एखादी छपाईची खूणही ताडून घ्या. मग स्लॅबची कड नखानं चाचपा. सांध्यावर पांढरट ओरखडे किंवा डिंकाचा चिकटपणा लागला तर तो उघडून पुन्हा बंद केलेला असू शकतो, आणि मग आतलं कार्ड आकड्यासाठी नव्हे, कोरं म्हणून जेवढ्याला मिळेल तेवढ्यालाच घ्या.