बुरसटलेला पेंढा आणि डेगनाला रोग

भातकापणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला की शेतातील पेंढा भिजतो. तो नीट न वाळवता गंजीत रचल्यास आतील ओलाव्यामुळे त्यावर बुरशी वाढते. ‘फ्युझेरियम’ वर्गातील बुरशीच्या विषद्रव्यांमुळे जनावरांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. परिणामी शेपटी, कान व पाय यांना रक्त अपुरे मिळून तेथील मांस सडू लागते. हाच डेगनाला रोग होय. १९३० नंतरच्या दशकात अविभाजित पंजाबातील शेखूपुरा जिल्ह्यात, देग नाल्याच्या परिसरात तो नोंदला गेला. त्यावरून हे नाव पडले.

गाईंपेक्षा म्हशींना हा रोग अधिक होतो व हिवाळ्यात विशेष आढळतो. प्रारंभी जनावर लंगडते, पाय सुजतात. पुढे जखमा होऊन शेपटीचा शेंडा व कानांची टोके वाळतात. क्वचित खूरही गळून पडतात.

खुरांच्या जखमांमुळे लाळ-खुरकताची शंका येते. परंतु त्या रोगात तोंडात फोड येऊन लाळ गळते व तो एका जनावराकडून दुसऱ्याकडे पसरतो. डेगनाला संसर्गजन्य नाही. मात्र एकाच गंजीतील पेंढा खाणारी अनेक जनावरे एकदम आजारी पडू शकतात. म्हणून पहिले लक्षण दिसताच तो पेंढा बंद करून पशुवैद्यकास बोलवावे.

पेंढा उन्हात पुरता वाळवावा व गंजी उंचवट्यावर रचून झाकावी. काळपट, कुबट वासाचा पेंढा चाऱ्यात मिसळू नये. टंचाईच्या दिवसांतही असा पेंढा घालून होणारी बचत म्हशीच्या मोलापुढे नगण्यच ठरते.