जुना लेथ घरी आणताना

कुपवाडला किंवा मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या शेडमध्ये सीएनसी आली, की कोपऱ्यातला जुना सहा फुटी लेथ बाहेर निघतो. बहुतेक वेळा तो वजनावर भंगारात जातो. पण हल्ली तो घरी नेणारेही भेटतात. निवृत्त टर्नर असतो, अभियांत्रिकी शिकणारा मुलगा असतो, मळ्यातल्या पंपाची कामं स्वतःच्या शेडमध्ये करू पाहणारा शेतकरी असतो. ही हौस मला मनापासून आवडते, कारण या पट्ट्याचं यंत्राशी नातं जुनं आहे. मिरजेहून पुण्याकडे निघालेली गाडी तासाभराच्या आत किर्लोस्करवाडीला पोचते. औंध संस्थानातल्या कुंडलच्या ओसाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये नांगर आणि कडबा कापण्याच्या यंत्रांचा कारखाना उभा केला तो तिथेच. पुढे 1941 मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर निघाली, 1953 मध्ये बंगळूरला एचएमटी आली, आणि बटाला, लुधियाना, राजकोटच्या लेथांनी लहान वर्कशॉप भरून गेली. हे लेथ ओतीव लोखंडाचे, जाड अंगाचे आहेत; नीट सांभाळले तर आणखी एक पिढी चालतील. मात्र घरी आणलेल्या यंत्राचं काय होतं हे पाहून माझं एक ठाम मत झालं आहे. जुना लेथ वाचवायचा तर पहिलं काम मोजण्याचं. घासणं, खोलणं, रंगवणं सगळं त्यानंतर. हा क्रम उलटला, की ज्यासाठी यंत्र ठेवायचं तीच गोष्ट पहिल्या आठवड्यात हातची जाते.

ती गोष्ट म्हणजे बेडचा सरळपणा. मोटर बदलता येते, चक नवा मिळतो, क्रॉस स्लाईडचा नट गनमेटलमध्ये पुन्हा करून घेता येतो. बेड मात्र एकच. आणि बेड सगळीकडे सारखा झिजत नाही. काम चकपाशी होतं, लोखंडाचा कीस तिथेच पडतो, कापण्याचा भार पुढच्या गाईडवेवर येतो. म्हणून चकसमोरचा फूट-दीड फूट आणि त्यातही पुढची बाजू जास्त खाल्ली जाते. यामुळे कामात किती फरक पडतो याचा हिशेब कागदावर करता येतो. समजा, पुढच्या आणि मागच्या गाईडवेत 250 मिलिमीटर अंतर आहे, आणि हत्याराची धार बेडपासून 200 मिलिमीटर उंचीवर आहे. दोन्ही गाईडवे सारखे झिजून सॅडल 0.1 मिलिमीटर सरळ खाली बसलं, तर 50 मिलिमीटर व्यासाच्या रॉडच्या त्रिज्येत अवघा 0.0002 मिलिमीटरचा फरक येतो, जो साध्या मायक्रोमीटरला दिसणारही नाही. पण तेवढीच झीज फक्त पुढच्या गाईडवेवर असेल, तर सॅडल पुढे कलतं आणि हत्याराचं टोक कामापासून 0.08 मिलिमीटर दूर सरकतं. व्यासात तो फरक दुप्पट, म्हणजे 0.16 मिलिमीटर. बेअरिंग बसवण्याची जागा मिलिमीटरच्या शंभराव्या भागांच्या हिशेबात राखावी लागते. तिथे हा आकडा म्हणजे काम वाया. म्हणून ‘बेड किती झिजला’ एवढं विचारून भागत नाही; कुठे झिजला आणि कोणत्या बाजूने झिजला, हेही विचारावं लागतं. त्याचं उत्तर नुसत्या डोळ्यांना मिळत नाही. विकत घेण्यापूर्वी कोणत्याही उपकरणाशिवाय करता येईल अशी एक परीक्षा मात्र आहे. सॅडल चकजवळ आणून त्याच्या गिब आणि पट्ट्या इतक्या कसायच्या की ते तिथे जेमतेम सरकेल, मग हळूहळू टेलस्टॉककडे न्यायचं. ते वाटेत अडकायला लागलं, तर चकजवळचा बेड बारीक झाला आहे. जितकं लवकर आणि जितकं घट्ट अडकेल तितकी झीज मोठी.

इथे एक घोटाळा होतो, आणि भले भले त्यात सापडतात. चकच्या बाजूला काम जाड येतंय म्हटल्यावर माणूस थेट झिजेवर ठपका ठेवतो. पण बेडला पीळ पडला असेल तरी हेच लक्षण दिसतं. सहा फुटी बेड डोळ्यांना कितीही दणकट वाटला, तरी चार पायांपैकी एक पाय मिलिमीटरच्या दहाव्या भागाने वर राहिला की तो पिळतो. हेडस्टॉक किंचित तिरका बसला असेल तरी टेपर येतो. टेलस्टॉक सरकलेला असेल तर दोन सेंटरमधल्या कामात टेपर येतो. लांब रॉड आधाराशिवाय बाहेर काढला तर तो हत्याराच्या दाबाने वाकतो आणि मोकळ्या टोकाला जाड राहतो. कारणं इतकी आणि लक्षण एकच, मग औषध कसलं द्यायचं? उत्तर क्रमात आहे. आधी लेव्हल. गवंड्याची लेव्हल इथे चालत नाही, मीटरला 0.02 मिलिमीटर दाखवणारी मशीन लेव्हल लागते, आणि ती एखाद्या ओळखीच्या फिटरकडून दोन दिवसांसाठी मागून आणण्यात कमीपणा नाही. ती बेडवर आडवी, जिथे झीज नाही अशा जागी, दोन्ही टोकांना ठेवून पाहायची. बेड क्षितिजाशी समांतर असलाच पाहिजे असं नाही. दोन्ही टोकांचा बुडबुडा सारखाच बसला पाहिजे. त्यानंतर 50 मिलिमीटरचा रॉड चकमधून 200 ते 250 मिलिमीटर बाहेर काढायचा, दोन टोकांना दोन गळे ठेवायचे, आणि धारदार हत्याराने, हलक्या कटमध्ये, हत्याराची जागा न हलवता दोन्ही गळ्यांवरून फिरवायचं. मायक्रोमीटरने दोन्ही मापं सारखी आली तर पीळ गेला आणि हेडस्टॉकही सरळ आहे. पिळाचा फरक लांबीभर सारखा वाढत जातो. झिजेचा फरक चकसमोरच्या पहिल्या फुटात एकवटलेला असतो. हे दोन वेगळे केल्याशिवाय बेड ‘गेला’ म्हणू नये. निव्वळ पाय नीट न टेकल्यामुळे भंगारात गेलेल्या बेडबद्दल मला खरोखर वाईट वाटतं.

आपल्याकडे यात एक स्थानिक गोष्ट भर घालते, ती म्हणजे कृष्णाकाठची काळी जमीन. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. तिच्यावर नुसती शहाबादी फरशी टाकून लेथ ठेवला, तर जूनमध्ये मिळवलेली लेव्हल मार्चमध्ये राहणार नाही. वाड्याच्या जोत्यावरची खोली असेल तर प्रश्न कमी; परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मात्र मुरूम भरून, कुटून, त्यावर लोखंडी जाळी घातलेलं काँक्रीट केल्याशिवाय यंत्र आणू नये. आणि काँक्रीट केलं तरी पावसाळ्यानंतर एकदा, ऐन उन्हाळ्यात एकदा लेव्हल तपासायची सवय ठेवावी.

आता घासण्याबद्दल. जुन्या चांगल्या बेडवर किंवा सॅडलच्या खालच्या अंगाला प्रकाश तिरका पाडला, तर चंद्रकोरीसारखे बारीक ठसे दिसतात. ते गंजाचे डाग नव्हेत, स्क्रेपिंगच्या खुणा आहेत. फिटर सरफेस प्लेटवर निळ्या शाईचा अगदी पातळ थर देतो, त्यावर भाग घासतो, जिथे निळं लागलं तो उंचवटा स्क्रेपरने काही मायक्रॉन खरवडतो, पुसतो, पुन्हा निळं देतो. एका चौरस इंचात वीसेक ठिपके सारखे उमटेपर्यंत हे चालतं. जोसेफ व्हिटवर्थने 1840 मध्ये ग्लासगोला सपाट पृष्ठभागाची ही विद्या मांडली, ती तीन प्लेटा एकमेकींशी ताडून खरा सपाटपणा कसा मिळवावा हे दाखवत. त्याआधी पृष्ठभाग एमरीने घासून सपाट करायची चाल होती, आणि ती सोडा असं त्याचं सांगणं होतं. मिरजेच्या माणसाला हे समजायला लांब जायला नको. 2024 मध्ये ज्यांना भौगोलिक मानांकन मिळालं त्या इथल्या सतार-तंबोऱ्यांची जवारी काढणारा कारागीर हाडाच्या घोडीवर कानस चालवतो तो असाच: थोडं घासायचं, तार चढवायची, कान द्यायचा, परत थोडं. गेलेलं हाड परत येत नाही, तसं बेडचं गेलेलं लोखंडही येत नाही. म्हणून हँड ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून बेड ‘चकाचक’ करणाऱ्याचा हात मी धरेन. ती डिस्क जिथे हात रेंगाळला तिथे खड्डा करते, गाईडवेच्या कडा गोल करते, तेल धरून ठेवणारे ठसे पुसते. एमरीचे कण ओतीव लोखंडात रुततात आणि पुढे सॅडलच्या प्रत्येक फेरीला बेड खात राहतात. गंज काढायचा तर रॉकेलमध्ये भिजवलेली नायलॉनची घासणी आणि सपाट ऑइलस्टोन हलक्या हाताने पुरतात. सुट्या भागांसाठी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जरचा प्रवाह सोडण्याची पद्धत उत्तम, फक्त उघड्यावर करावी, कारण त्यातून हायड्रोजन निघतो. आणि दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये, त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा, की आमचे मिस्त्री कधी डायल गेज लावत नव्हते, हाताने सांगायचे. खरं आहे. पण तो हात हेही एक मोजमापच होतं, वर्षानुवर्षं मायक्रोमीटरशी ताडून तयार झालेलं. ज्याचा हात तसा तयार आहे त्याने खुशाल गेज बाजूला ठेवावं. नव्या माणसाने त्या हाताचा हवाला देऊन मोजणं टाळू नये. मिरज-सांगली भागात स्क्रेपिंग जाणणारे निवृत्त फिटर अजून आहेत. यंत्र खोलण्यापूर्वी त्यांतल्या एकाला बोलवा, आणि तो काय करतो हे त्याच्या शेजारी उभं राहून पाहा. दुसरा आक्षेप हौसेचा: मला बुश आणि पिना करायच्या आहेत, मला मायक्रॉन कशाला हवेत? हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. झिजलेल्या लेथवरही जाणता टर्नर चांगलं काम काढतो, कारण झीज कुठे आहे ते त्याला ठाऊक असतं. तो टेलस्टॉकच्या बाजूच्या चांगल्या बेडवर काम घेतो, आखूड कट घेतो. म्हणजे हौशी माणसाला दुरुस्ती कमी लागेल, पण मोजणी तेवढीच लागेल. उलट मोजल्यानंतर पुष्कळदा असं कळतं की खोलायची गरजच नव्हती. लेव्हल, गिब, नट आणि तेल एवढ्यावर यंत्र कामाला लागतं.

पुराचं पाणी लागलेल्या यंत्राबद्दल वेगळं सांगायला हवं. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. तिथे धोक्याची पातळी 45 फूट आहे. 2005 आणि 2021 चे पूरही विसरण्यासारखे नाहीत. नदीकाठच्या भागातून आलेलं यंत्र नव्या रंगात दिसलं, तर रंग पाहू नका; गिअरचं झाकण काढून आत, बेडच्या पोटातल्या फासळ्यांमागे आणि इलेक्ट्रिक पॅनलच्या तळाशी बोट फिरवा. तिथे गाळाचा पापुद्रा लागला, तर एकदा ‘फिरवून बघूया’ म्हणून मोटर चालू करायची नाही. तेलाच्या वाटांतला गाळ बेअरिंगला पॉलिशच्या पेस्टसारखा घासतो आणि पाच मिनिटांत स्पिंडलची जागा बिघडवतो. अशा वेळी खोलणंच भाग आहे, आणि आधी मोजा या माझ्या नियमाला एवढा एकच अपवाद मी मानतो.

वाहतूक आणि वीज यांवर थोडक्यात, पण यात जीव जाऊ शकतो म्हणून स्पष्ट. लेथचं वजन टनाच्या घरात असतं, ते उंचावर आणि हेडस्टॉकच्या बाजूला एकवटलेलं असतं, आणि पाया अरुंद असतो. म्हणून तो पुढे कलला की माणसांनी धरून थांबत नाही. कलायला लागला तर धरायचं नाही, बाजूला व्हायचं. सॅडल आणि टेलस्टॉक टोकाला नेऊन आवळा, पट्टे बेडखालून घ्या, लीड स्क्रू किंवा स्पिंडलला दोर बांधून कधीही उचलू नका. घरी थ्री फेज नसेल तर व्हीएफडी लावून जुनी मोटर चालवता येते. अर्थिंग आणि वीज जाऊन आल्यावर यंत्र आपोआप सुरू होऊ न देणारा स्टार्टर मात्र हवाच. चक आट्यांवर बसणारा असेल तर उलट फिरवताना तो सुटून येतो. गिअर आणि पट्ट्याची झाकणं हरवलेली असतील तर पत्र्याची करून घ्या, आणि ती बसेपर्यंत घरातल्या मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका. जुना रंग कोरडा खरवडू नये, त्यात शिसं असू शकतं.

मोजून झाल्यावर बेड खरोखरच फार झिजलेला निघाला, तर लोक सहज सांगतात की ग्राइंडिंगला टाक. त्यापुढे काय येतं ते आधी समजून घ्यावं. बेड ग्राइंड झाला की सॅडल तेवढं खाली येतं. त्याबरोबर एप्रन उतरतो, हाफ नट लीड स्क्रूला नीट धरत नाही, पिनियन रॅकपासून दूर जातो. मग एकतर लीड स्क्रूची ब्रॅकेट आणि रॅक खाली घ्यावे लागतात, नाहीतर सॅडलखाली टर्साईटची पट्टी चिकटवून ते पुन्हा स्क्रेप करून उंचीवर आणावं लागतं. टेलस्टॉकचंही तसंच. गाईडवे हार्डन केलेला असेल तर तो थर जेमतेम काही मिलिमीटरचा, आणि तो संपला की खाली मऊ लोखंड. म्हणून ग्राइंडरवाल्याला बेड देण्यापूर्वी त्याला विचारा: किती काढणार, सॅडल उंचीवर कोण आणणार, आणि काम झाल्यावर टेस्ट बारवर डायल लावून माझ्यासमोर दाखवणार का? यांपैकी एकाचंही उत्तर गोलमाल आलं तर बेड तिथे देऊ नका. आणि खर्च हाताबाहेर जात असेल, तर कमी झिजलेला दुसरा लेथ शोधणं बरं. पहिला भंगारात घालू नका. हेडस्टॉकचे गिअर, चेंज गिअरचा संच, स्टेडी, टेलस्टॉक काढून, ग्रीस लावून, नेमप्लेटसकट जपून ठेवा. हरिहरचा कारखाना बंद पडला आहे, तिथले सुटे भाग आता असेच एका यंत्रातून दुसऱ्यात जातात, आणि कुठल्या तरी गावात कुणाचा लेथ नेमक्या त्याच एका गिअरवाचून अडून बसलेला असतो.