सदोष वस्तू परत घेणे हा उपकार नव्हे



विकलेली वस्तू सदोष निघाली, की विक्रेत्याच्या सचोटीची खरी कसोटी लागते. याचे एक मोठे उदाहरण अलीकडच्या काळात जगाने पाहिले आहे.

ऑगस्ट २०१६ मध्ये दक्षिण कोरियाच्या सॅमसंग कंपनीने गॅलेक्सी नोट ७ हा महागडा फोन बाजारात आणला. काही दिवसांतच त्याच्या बॅटऱ्या पेट घेत असल्याच्या तक्रारी आल्या. २ सप्टेंबरला कंपनीने विक्री थांबवून सुमारे २५ लाख फोन परत घेण्याची घोषणा केली. बदली दिलेले फोनही पेटू लागले, तेव्हा ऑक्टोबरमध्ये उत्पादन कायमचे बंद झाले.

त्यानंतर ग्राहकांपुढे निरनिराळे प्रस्ताव आले. अमेरिकेत पूर्ण किंमत परत घेणाऱ्यास २५ डॉलर, तर त्याच कंपनीचा दुसरा फोन घेणाऱ्यास १०० डॉलरपर्यंत जादा सवलत देण्यात आली. कोरियात नोट ७ देऊन एस ७ घेणाऱ्यांना सांगण्यात आले, की पुढील वर्षी एस ८ किंवा नोट ८ घेतल्यास एस ७ ची निम्मीच किंमत भरावी लागेल.

हे प्रस्ताव न्याय्य होते काय? याचा विचार करताना तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट हक्काची. खरेदीच्या वेळी ठाऊक नसलेला दोष पुढे उघड झाला, तर वस्तू परत करून पूर्ण किंमत घेण्याचा अधिकार शरीअतने ग्राहकास दिला आहे. फिक्हच्या परिभाषेत यास ‘ख़ियारुल ऐब’ म्हणतात. अर्थात, किंमत परत करणारा विक्रेता दान करीत नसतो. तो दुसऱ्याचे देणे फेडीत असतो.

दुसरी गोष्ट संमतीची. सूरह निसाच्या २९ व्या आयतीने व्यापारासाठी परस्पर संमती आवश्यक ठरविली आहे. पैसे परत मिळण्याचा मार्ग सुलभ व खुला असेल, तर अदलाबदलीचा प्रस्ताव ही उभयपक्षी तडजोड होते आणि तिला हरकत नाही. परंतु परतावा लांबणीवर टाकून गरजवंताला नव्या खरेदीकडे ढकलले, तर त्याचा होकार हा खरा होकार नव्हे.

तिसरी गोष्ट भरपाईची. दुकानाच्या फेऱ्या, वाया गेलेले दिवस आणि खिशातील आगीची धास्ती सर्व ग्राहकांनी सारखीच सोसली. मग त्याची भरपाईही सर्वांना सारखीच मिळावयास हवी. पुन्हा आपल्याकडेच खरेदी करणाऱ्याला विक्रेत्याने अधिक काही द्यावे. ते व्यापारातील आकर्षण होय. मात्र त्याला भरपाईचे नाव देऊ नये. नव्या खरेदीच्या अटीवर मिळणारी सवलत जुन्या हानीचे देणे फेडीत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारात धान्याच्या राशीजवळ थांबले. आत हात घातला, तो बोटांना ओल लागली. पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले, तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसविणारा आपल्यापैकी नाही, असे बजावले. ही घटना ‘सहीह मुस्लिम’मध्ये नोंदलेली आहे.

आता आपण आपल्या दुकानांकडे वळू या. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी आपल्याही भिंतीवर असेल. जाणूनबुजून लपविलेल्या दोषाचे पाप त्या पाटीने पुसले जात नाही. शिलाई उसवलेला कपडा परत आणणाऱ्याला ‘पैसे नाहीत, दुसरे काही घ्या’ असे सांगताना आपण त्याचा हक्क नाकारीत तर नाही ना? तसेच लवकर तापणारा जुना फोन विकताना तो दोष आपण सांगतो काय?

आपल्या देशाचा कायदाही ग्राहकाच्या पाठीशी आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार केंद्रीय प्राधिकरण धोकादायक वस्तू परत घेण्याचा आणि त्यांची किंमत ग्राहकास देण्याचा आदेश देऊ शकते. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय क्रमांक उपलब्ध आहे. आपला हक्क मागण्यात संकोच नसावा; मात्र आपल्या हातून झालेली मोडतोड कंपनीच्या माथी मारणे हीदेखील फसवणूकच होय.

देणे आधी फेडावे, भेट नंतर द्यावी. अल्लाह आपणा सर्वांना व्यवहारात सचोटी आणि कमाईत बरकत देवो. आमीन.