त्याग की टाळाटाळ? स्पायडरमॅनकडून शिकलेला एक धडा



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ७ ते ९.

या तीन श्लोकांत भगवंत त्यागाचे तीन प्रकार सांगतात. मोहामुळे आपलं नेमून दिलेलं काम सोडलं तर तो तामस त्याग. काम त्रासाचं आहे, शरीराला कष्ट होतील, या भीतीने सोडलं तर तो राजस त्याग. त्याचं फळ काहीच मिळत नाही. आणि काम करायचंच, पण त्यातली आसक्ती आणि फळाची अपेक्षा सोडायची, हा सात्त्विक त्याग. मी हे कितीतरी वेळा वाचलं होतं. पण खरं सांगू? मला ते कळलं स्पायडरमॅनमुळे, आणि आईच्या मोडलेल्या मनगटामुळे.

आधी स्पायडरमॅनची गोष्ट. १९६२ साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी हे पात्र कॉमिकमध्ये आणलं. आपल्यापैकी बहुतेकांनी मात्र ती गोष्ट २००२ च्या सिनेमात पाहिली. पीटर पार्कर हा न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात काका-काकूंकडे वाढलेला, शाळेत सगळ्यांचा मार खाणारा मुलगा. कोळी चावतो आणि त्याच्या अंगात ताकद येते. तो कुस्तीच्या सामन्यात उतरतो. तीन मिनिटं टिकलास तर तीन हजार डॉलर, असं ठरलेलं असतं. तो दोनच मिनिटांत जिंकतो, आणि तेच कारण काढून आयोजक त्याच्या हातावर शंभर डॉलर टेकवतो. मला पैशांची गरज आहे, असं पीटर सांगतो. त्यात माझा काय संबंध, असं आयोजक ऐकवतो.

पुढच्याच मिनिटाला एक चोर त्या आयोजकाला लुटून पीटरच्या समोरून पळतो. पीटर बाजूला होतो. त्याला जाऊ देतो. आयोजक ओरडतो, तेव्हा पीटर त्याचंच उत्तर त्याला परत करतो. थिएटरमध्ये तेव्हा आपल्यालाही बरं वाटतं, नाही का? जशास तसं झालं! थोड्या वेळाने कळतं की बाहेर रस्त्यावर पीटरला न्यायला आलेल्या बेनकाकांना गोळी लागली आहे. पीटर मारेकऱ्याला गाठतो, तर चेहरा त्याच चोराचा.

आता माझी गोष्ट. मी पुण्यात भाड्याने राहते, सगळ्यात वरच्या मजल्यावर. गच्चीवरची टाकी भरून वाहते, पाणी जिन्यात येतं, हे मी सोसायटीच्या कमिटीला दोनदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा मला ऐकवण्यात आलं की भाडेकरूंनी कारभारात लक्ष घालू नये. मी गप्प बसले, पण ते मनात राहिलं.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री साडेबाराला ऑफिसमधून आले. वॉचमनकाका खाली खुर्चीत पेंगत होते. लिफ्टमधून बाहेर पडते तर गच्चीच्या जिन्यावरून पाणी उतरत होतं. पंप बंद करायला विसरले होते. खाली जाऊन काकांना उठवायचं, एवढंच काम. दोन मिनिटांचं! पण मी दमले होते, आणि मनात तेच आलं : ‘माझा काय संबंध? भाडेकरूंनी लक्ष घालू नये ना? मग भोगा.’ चपला हातात घेतल्या, ओल्या फरशीवरून घरात गेले आणि झोपले.

सकाळी सहाला आई धुणं वाळत घालायला गच्चीवर निघाली. तिसऱ्या पायरीवर पाय घसरला. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर.

दवाखान्यातून आल्यावर ‘स्पायडरमॅन’ आठवला आणि मी हादरले. पण माझा पहिला विचार चुकीचा होता. मला वाटलं, धडा असा की, ‘दुसऱ्याकडे दुर्लक्ष केलंस तर ते तुझ्याच घरावर येतं.’ नीट बघा, हासुद्धा हिशोबच झाला. शेजारच्या आजी पडल्या असत्या तर माझी चूक कमी झाली असती का? त्या चोराने दुसऱ्या कोणाच्या काकांना मारलं असतं तर पीटर निर्दोष ठरला असता का? नाही. चूक पहाटे सहाला झाली नाही, ती रात्री साडेबारालाच झाली होती. परिणाम दिसला नसता, तरीही.

मग मी पुन्हा हे श्लोक उघडले. दमले म्हणून सोडलं : राजस. रागात बुद्धी झाकली गेली म्हणून सोडलं : तामस. आणि गंमत म्हणजे त्या रात्री मला मी शांत, अलिप्त वाटत होते! आपण तरुण मंडळी हल्ली ‘डिटॅच’ व्हायला फार पटकन शिकतो. पण भगवंत काम सोडायला सांगतच नाहीत. ते हिशोब सोडायला सांगतात : कोण मला काय बोललं, मला काय मिळालं, कोणाची लायकी आहे. मी नेमकं उलटं केलं. काम सोडलं, हिशोब ठेवला.

पीटरचं पुढचं आयुष्य बघा. तो लोकांना वाचवतो आणि जेमसन नावाचा संपादक त्यालाच गुन्हेगार ठरवतो. घरभाडं थकतं. श्रेय मिळत नाही, तरी तो जातो. फळ सोडलं, काम नाही सोडलं. मला सात्त्विक त्यागाचं याहून सोपं उदाहरण सापडलं नाही.

अजून एक प्रसंग. २००४ च्या दुसऱ्या सिनेमात पीटर मे काकूसमोर टेबलाशी बसून कबूल करतो की चोराला मीच जाऊ दिलं. काकू हात काढून घेते आणि वर निघून जाते. क्षमा नंतर येते, लगेच नाही. मीही चार दिवसांनी आईला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अगं, निदान एक पायपुसणं तरी टाकायचंस.” त्या एका वाक्याने मला जेवढं रडवलं तेवढं कुठल्याच रागावण्याने रडवलं नसतं.

त्याच आठवड्यात कमिटी वॉचमनकाकांचा पगार कापणार, असं कळलं. मी मीटिंगमध्ये उभी राहून म्हटलं, “मी साडेबाराला पाणी पाहिलं होतं, आणि काकांना उठवलं नाही.” पाय लटपटत होते. दोघं-तिघं कुजबुजले. काकांचा पगार वाचला. पंप मात्र अजूनही हातानेच बंद करावा लागतो! आता रात्री आले की मी आधी पंपाचा आवाज ऐकते, मगच लिफ्टचं बटण दाबते.

सगळ्या जगाचं ओझं आपल्या खांद्यावर नाही, मित्रांनो. तेवढं स्पायडरमॅनलाही झेपलं नाही. पण जे आपल्या डोळ्यांसमोर आलं आणि आपल्या हाताच्या अंतरावर आहे, तेवढं आपलं.

आजचा अभ्यास :
१. या आठवड्यात ‘माझा काय संबंध?’ असं कुठे म्हणालात ते एकदा आठवा. तेव्हा थकवा होता, भीती होती की जुना राग?
२. त्यातलं एक काम आजही करता येण्यासारखं असेल तर करा. कोणाला सांगू नका.
३. कोणाची माफी राहिली असेल तर मागा. उत्तर लगेच मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

हे श्रीहरी, माझ्याकडून हिशोब काढून घे, काम काढून घेऊ नकोस.

उद्या श्लोक १० वाचू. राम कृष्ण हरी!