आधी तपासणी, मग ऑपरेशन

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात पुष्कळ घरी कुत्रे असते. ते रात्री घर राखते. शेळ्यांबरोबर रानात जाते. मोहफुले वेचायला निघालेल्या माणसांच्या पुढे चालते. झुडपात काही हालले, तर आधी तेच भुंकते.

पण कुत्रीला वर्षातून दोनदा पिल्ले होऊ शकतात. एका वेळी चार, सहा, कधी आठही होतात. एवढ्यांना खाऊ कोण घालणार? ती उपाशी फिरतात. त्यांच्या वासावर बिबट्या गावात येतो. लस नसलेली कुत्री वाढली, की पिसाळण्याच्या रोगाचे भय वाढते. म्हणून कुत्रीची नसबंदी करणे चांगले. साधारण सहा महिन्यांनंतर ती करता येते.

समजा, एका बाईने सात महिन्यांची कुत्री दवाखान्यात आणली. डॉक्टर म्हणाले, "मावशी, आधी तपासू. ऑपरेशनचे मग ठरवू."

बाई म्हणाली, "पिल्लू तं चांगलं खाते, खेळते. मंग तपासणी काहून पाह्यजे जी?"

बाईचा प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर नीट समजून घेऊ.

डॉक्टर आधी पिल्लाचे वजन करतात. भुलीचे औषध वजनावर ठरते. जास्त झाले तर जिवाला धोका. मग थर्मामीटर लावतात. माणसाचे अंग ९८.६ अंश गरम असते. कुत्र्याचे १०१ ते १०२.५ अंश असते. म्हणून हाताला गरम लागले, की ताप आहे असे समजू नये.

मग हिरड्या पाहतात. त्या गुलाबी हव्यात. पांढुरक्या असतील, तर रक्त कमी आहे. नळी लावून छाती ऐकतात. कुत्री गाभण आहे का, माजावर आहे का, तेही पाहतात. माजावर असताना आतल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. तेव्हा ऑपरेशन पुढे ढकलणे बरे.

शेवटी पुढच्या पायातून थोडे रक्त घेतात. ही तपासणी फार महत्त्वाची.

आपल्याला विळा लागला, तर रक्त येते. थोड्या वेळाने ते आपोआप थांबते. रक्तात बारीक कण असतात, ते जखमेचे तोंड बुजवतात. त्यांना प्लेटलेट म्हणतात. धडधाकट कुत्र्याच्या एक घन मिलिमीटर रक्तात ते साधारण दोन ते पाच लाख असतात.

रानात जाणाऱ्या कुत्र्याला गोचिड्या लागतात. गोचीड रक्त पिते आणि रोगाचे जंतू अंगात सोडते. यालाच गोचीड ताप म्हणतात. या रोगात प्लेटलेट कमी होतात. कधी कधी पिल्लू वरून चांगले दिसते. खाते, शेपूट हलवते. रोग मात्र आत असतो.

नसबंदीत पोट उघडून गर्भाशय आणि अंडाशय काढतात. तेथल्या रक्तवाहिन्या बांधतात. प्लेटलेट कमी असतील, तर आतल्या आत रक्त झिरपत राहते. पिल्लू दगावू शकते.

बाईने विचारले, "अन् रोग निंघाला तं?"

डॉक्टर म्हणाले, "मग आज ऑपरेशन नाही. सुमारे चार आठवडे गोळ्या द्यायच्या. पुन्हा रक्त तपासायचे. ठीक आले, की ऑपरेशन."

"मंग आजची खेप वाया गेली न जी?"

"नाही मावशी. रोग वेळेवर सापडला. पिल्लू वाचले."

यात सगळ्या गावाचे हित आहे. एक पिल्लू ऑपरेशनात मेले, तर लोक म्हणतात, ऑपरेशनच वाईट. मग दवाखान्यात कुत्री आणायला कोणी धजत नाही.

लहान दवाखान्यात रक्त तपासायचे यंत्र नसेल, तर नमुना कोठे पाठवायचा ते डॉक्टरांना विचारा. अवघड दुखण्यासाठी नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते १९५८ साली सुरू झाले.

ध्यानात ठेवा

१. पिल्लाचे कान आणि बोटांच्या बेचक्या रोज पाहा. गोचिड्या तेथे लपतात.
२. गोचीड भिंतीच्या फटीत अंडी घालते. फटी बुजवा, सारवण करा.
३. गुरांचे गोचिडीचे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुत्र्याला लावू नका.
४. पिल्लू तीन महिन्यांचे झाले, की पिसाळण्याच्या रोगाची लस टोचून घ्या. पुढची लस कधी, ते विचारून ठेवा.
५. ऑपरेशनआधी किती तास उपाशी ठेवायचे, ते डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने ठरवू नका.
६. पिल्लाने जेवण टाकले, लघवी लाल-काळी झाली किंवा नाकातून रक्त आले, तर लगेच दवाखाना गाठा.

सांगा पाहू

१. अंग हाताला गरम लागले, की कुत्र्याला ताप आहे असे का म्हणू नये?
२. प्लेटलेट काय काम करतात?
३. तुमच्या गावापासून जनावरांचा दवाखाना किती दूर आहे?